बागेतला राडारोडा स्वस्तात कुठे टाकायचा? माझं मत: आधी अंगणातच जिरवा

परसदार

दक्षिण पुण्यात आमचा जुना बैठा बंगला आहे, आंबिल ओढ्यापासून दोन गल्ल्या आत. यंदा पावसाळा सरल्यावर मागची बाग नव्याने लावायला घेतली. वाफ्यांच्या विटा, वाटेवरची शहाबादी फरशी, तुळशीचा खचलेला ओटा, फुटक्या कुंड्या आणि मुळ्यांनी गच्च झालेली माती मिळून एक ब्रासच्या (१०० घनफुटांच्या) आसपास ढीग झाला. मिस्त्री म्हणाला, "काका, टेम्पोवाल्याला सांगतो, रात्रीत उचलेल, दीड हजारात काम." मी विचारलं, टाकणार कुठे? "ते आपल्याला काय करायचंय?"

त्या उत्तरावर मी टेम्पो नको म्हणालो. २५ सप्टेंबर २०१९ च्या पुराच्या रात्री हा ओढा काय करू शकतो ते आम्ही गच्चीवरून पाहिलंय. टांगेवाले कॉलनीत भिंत पडून माणसं गेली. अतिक्रमणं, अरुंद पूल, सगळी कारणं होतीच, पण ओढ्याच्या काठाने गोण्या रिकाम्या करणारे टेम्पो मी त्याआधीही पाहिले होते आणि नंतरही पाहिलेत.

मग तीन रविवार ढीग निवडत बसलो. जुन्या विटा चुन्यात बांधलेल्या होत्या, थापीच्या दोन टोल्यांत चुना गळून वीट अख्खी सुटते. अशा १८० विटा निघाल्या, त्या पुन्हा वाफ्यांना लावल्या. शहाबादी फरशी कचेवर (दगडाच्या चुऱ्यावर) परत बसवली. शेजारी गच्चीचा कोबा चालला होता, अर्धवट विटांचे तुकडे त्यांच्या ठेकेदाराने आनंदाने नेले, कोब्याखाली घालायला त्याला असे तुकडे (ब्रिकबॅट) विकतच आणावे लागतात. माती चाळून वाफ्यात गेली. आता सिमेंटच्या ढेकळांच्या ११ गोण्या उरल्यात. त्या शोषखड्डा (पाणी जमिनीत मुरवायचा खड्डा) करून पुरायच्या की पैसे भरून राडारोड्याच्या प्रक्रिया केंद्रावर पाठवायच्या, एवढंच ठरायचं आहे.

माझं म्हणणं: राडारोडा कुठे जाणार हे न विचारता दिलेले दीड हजार स्वस्त नाहीत. उरलेली रक्कम ओढ्याकाठचा माणूस भरतो. ज्यांना पटत नाही त्यांनी जरूर लिहावं.

माई७०

मला पटत नाही. तुम्ही तीन रविवार बसलात, माझे गुडघे तीन मिनिटं बसू देत नाहीत. विटा निवडायला माणूस लावला तर त्याची दोन दिवसांची मजुरी तुमच्या टेम्पोपेक्षा जास्त होते. म्हणजे तुमचा स्वस्त उपाय ज्याच्या अंगात बळ आहे त्याच्यासाठीच स्वस्त.

आमच्याकडे गेल्या वर्षी पारिजातकाच्या मुळांनी त्याच्याभोवतीचा बांधलेला पार फोडला, त्याचे जेमतेम आठ-दहा घमेली तुकडे होते. पालिकेच्या कार्यालयात फोन केला तर "घंटागाडी राडारोडा घेत नाही, तुम्ही मोठी गाडी मागवा." दहा घमेल्यांसाठी मोठी गाडी? शेवटी ते तुकडे पाच महिने जिन्याखाली पडून होते, त्यात विंचू निघाला. मी वर्षानुवर्षं घरपट्टी वेळेवर भरते. थोडा माल असेल तर तो दारातून नेणं हे पालिकेचं काम आहे, आणि ते होत नाही तोवर नागरिकाला दोष देऊ नका.

साइटवरचा

बावीस वर्षं बांधकामावर काढली आहेत, म्हणून आधी हिशेब मांडतो.

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. विटा-काँक्रीट-माती मिळून त्याचं वजन चार टनांच्या घरात जातं. छोटा हत्ती टेम्पो पाऊण टनाचा. नियमाने भरला तर पाच-सहा खेपा. दीड हजारात पाच-सहा खेपा शहराच्या दुसऱ्या टोकाला कोण मारेल? पुण्याचं राडारोड्याचं प्रक्रिया केंद्र वाघोलीला आहे, सहकारनगर-धनकवडीहून तिथे जाऊन येण्यात अर्धा दिवस मोडतो. त्या दरातच "जवळच कुठेतरी टाकू" हे लिहिलेलं असतं. म्हणून परसदारांचा मुद्दा मला मान्य आहे, आणि माईंचाही. बांधकामाच्या कचऱ्याबद्दलच्या २०१६ च्या नियमांनी राडारोडा वेगळा करण्याची, रस्त्यात-गटारात न टाकण्याची जबाबदारी ज्याचा माल त्याच्यावर टाकली, पण किरकोळ माल गोळा करणारी केंद्रं गल्लीजवळ असली तरच ती जबाबदारी पेलता येते.

एक गोष्ट मात्र परसदारांनी अगदी बरोबर केली: निवडणं. आयएस ३८३ हे खडी-वाळूचं मानक २०१६ साली सुधारलं तेव्हापासून जुन्या काँक्रीटची खडी साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत आणि सळईच्या काँक्रीटमध्ये २० टक्क्यांपर्यंत चालते. पण त्यात माती, मुळ्या, प्लास्टिक कालवलेलं असेल तर तोच माल फक्त भरावाच्या लायकीचा उरतो. गोणीत काय भरता यावर पुढचं सगळं ठरतं.

आणि जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे ढिगात असतील तर ते फोडू नका. त्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसात बसते. ओले करून, अख्खे, वेगळे ठेवा.

रोपवाली

माझा विरोध शीर्षकालाच आहे. "अंगणातच जिरवा" असं सरसकट सांगू नका.

माझी रोपवाटिका आहे. दोन वर्षांपूर्वी एक बाई रुक्मिणीच्या (इक्झोरा) झुडपाची फांदी घेऊन आल्या. कोवळी पानं पिवळीजर्द, शिरा तेवढ्या हिरव्या. खत देऊन झालं होतं, लोह फवारून झालं होतं, पंधरा दिवस बरं दिसायचं आणि पुन्हा तेच. घरी जाऊन बुंध्याशी हातभर खणलं तर खाली प्लास्टरचे पापुद्रे आणि सिमेंटची ढेकळं. घराचं काम झालं तेव्हा मिस्त्रीने सगळं तिथेच पुरून वर चार बोटं लाल माती पसरली होती. सिमेंटमधला चुना पाण्याबरोबर झिरपत राहतो, माती अल्कधर्मी होते आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. रुक्मिणी, गार्डेनिया यांना हे मुळीच सोसत नाही. शेवटी दोन फूट माती काढून नवी भरावी लागली. तो खर्च टेम्पोच्या कितीतरी पट.

भाजक्या विटेचे तुकडे, फुटक्या कुंड्यांच्या खापऱ्या खुशाल वापरा, कुंडीच्या तळाला त्यासारखं काही नाही. सिमेंट मात्र बागेच्या मातीत नको. परसदार, शोषखड्डा झाडांपासून लांब असेल तरच, आणि तोही विटांच्या तुकड्यांनी भरा. तुम्ही ते तुकडे देऊन टाकलेत याचं मला वाईट वाटलं.

छोटाहत्ती_चालक

वाचत होतो, लिहायचं नव्हतं, पण ओढ्याकाठी गोण्या टाकणारे म्हणजे आम्हीच, म्हणून लिहितो.

साहेब, दर आम्ही पाडत नाही. मी केंद्रावर नेऊन टाकायचा भाव सांगतो, गिऱ्हाईक म्हणतं शेजारचा निम्म्यात नेतो. मी म्हणतो मग पावती मिळणार नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "पावती काय करायची, गेटच्या बाहेर काढ, पुढचं तू बघ." हे वाक्य मी दहा जणांकडून तरी ऐकलंय, सगळे शिकलेले. रात्री पकडलं तर गाडी माझी अडकते, हप्ता माझा थकतो. बंगलेवाल्याचं नावसुद्धा कुठे येत नाही.

मी स्वतः दोनदा ओढ्यात टाकलंय. खोटं बोलत नाही. दुसऱ्या वेळी खाली झोपडीतली एक म्हातारी बाहेर येऊन नुसती बघत राहिली, काही बोलली नाही. त्यानंतर ते काम घेत नाही.

माईंना सांगतो, दहा घमेल्यांसाठी कुणी येणार नाही हे खरं. पण गल्लीत चार घरांची कामं चाललेली असतात. चौघांनी मिळून एक खेप भरली तर प्रत्येकाला परवडतं.

माई७०

चार घरं गोळा करायची म्हणजे मीच दारोदार फिरायचं ना? तुझं मोकळेपणाने सांगणं मला आवडलं रे, पण माझं म्हणणं बदलत नाही. जुने कपडे, ई-कचरा यांची गोळा करण्याची मोहीम होते तशी महिन्यातून एका रविवारी प्रभागात राडारोड्याची गाडी उभी करा. आम्ही पैसे द्यायला तयार आहोत, फुकट नको.

परसदार

रोपवाली, शोषखड्ड्याचा विचार सोडला. जागा आंब्यापासून सहा फुटांवरच होती. शीर्षकातलं "अंगणातच" हे विटा, फरशी आणि मातीपुरतंच धरावं.

माई, मजुरीचा मुद्दा मी धरलाच नव्हता. माझे तीन रविवार मी शून्य रुपयांना मोजले, ते चुकलं. महिन्याच्या गाडीसाठी अर्ज मी लिहितो, आमच्या गल्लीच्या सह्या घेतो, तुमच्या सोसायटीच्या तुम्ही घ्या. पण तोवर ओढ्यात टाकणाऱ्याला दोष द्यायचा नाही, हे मात्र मला मान्य नाही. तुम्ही विंचू सोसलात पण तुकडे ओढ्यात टाकले नाहीत, तेवढी अपेक्षा दुसऱ्यांकडून ठेवायला काय हरकत आहे?

चालकदादा, समोरच्या घरी न्हाणीघराचं काम चालू आहे, त्यांच्या १५ गोण्या आहेत. माझ्या ११ धरून खेप होईल का? केंद्रावरची पावती हवी, त्याचे पैसे वेगळे देऊ.

छोटाहत्ती_चालक

२६ गोण्या गच्च भरल्या असतील तर एका खेपेत बसत नाहीत, एकेक गोणी पन्नास किलोच्या वर जाते. अर्ध्याच भरा, उचलायलाही सोपं. टाइल आणि सिमेंट एका गोणीत नको. शनिवारी सकाळी सातला येतो, उशीर झाला तर नगर रोडला अडकू.