मदत हवी आहे: वॉशर बदलला तरी नळ ठिबकतोच आहे

मंडळी, स्वयंपाकघरातला नळ महिनाभर ठिबकतोय. प्लंबरला फोन केला तर म्हणाला, "नुसतं बघायला यायचे ३००, सामान वेगळं." मागे हॉलमधल्या पंख्याचा २.५ एमएफडीचा कंडेन्सर मी स्वतः बदलला होता. एमसीबी पाडून, टेस्टर दोनदा लावून. तरी सासूबाई स्टूल धरून रामरक्षा म्हणत होत्या. ५५ रुपयांत रडतखडत फिरणारा पंखा गरगरायला लागला, म्हणून म्हटलं नळही आपणच बघू.

नळ अर्ध्या इंचाचा, पितळी, जुन्या पद्धतीचा, म्हणजे मूठ तीन-चार वेढे फिरवावी लागते तो. गच्चीवरचा आमच्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद केला, पाइपातलं पाणी काढून टाकलं, मूठ काढली आणि पान्ह्याखाली फडकं धरून स्पिंडल (मुठीखालचा आतला दांडा) सोडवला. टोकाचा रबरी वॉशर पार दगड झाला होता, मधोमध गोल चर पडलेली. बोटं काळी झाली ती दोन दिवस तशीच. त्याच मापाचा नवा वॉशर ५ रुपयांना मिळाला.

दोन दिवस चिडीचूप. तिसऱ्या रात्री पुन्हा टप टप. आता मूठ जीव खाऊन आवळावी लागते, तरी रात्री ११ला खाली ठेवलेलं ३ लिटरचं पातेलं सकाळी ६ला भरून वाहत होतं. आमच्याकडे वाघोलीत टँकर आणि बोअरचं पाणी, त्यामुळे हे बघवत नाही.

वॉशर चुकीचा आणला का? की टेफ्लॉन टेप गुंडाळायला हवी होती? दुकानदाराने एक रीळ गळ्यात मारलंय, ते तसंच पडून आहे.

प्रतिसाद १
ताई, टेप इथे कामाची नाही. ती आट्यांतून पाणी झिरपू नये म्हणून असते. तुमचं पाणी नळाच्या तोंडातून येतंय, म्हणजे वॉशर जिथे टेकतो ती सीट तपासा. स्पिंडल परत काढा, आतल्या गोल पितळी काठावर करंगळी फिरवा. नुसते क्षार बसले असतील तर व्हिनेगरमध्ये भिजवलेला बोळा अर्धा तास ठेवून घासा. पण खड्डा लागला तर कितीही वॉशर बदला, तो काठ त्यांना कापणारच. आणि आवळणं आधी थांबवा, त्याने वॉशर लवकर चिरतो. सीट घासायचं कटर मिळतं, पण एका नळासाठी ते विकत घेणं म्हणजे चार आण्याची कोंबडी.

प्रतिसाद २
नळच बदलायची वेळ आली तर ते रीळ वापरा. आटे स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने दहा-बारा वेढे, ताणून. उलटे दिले तर बसवताना सगळी टेप गोळा होऊन बाहेर येते. जुना नळ काढताना झटके देऊ नका. भिंतीत सीपीव्हीसीचा, म्हणजे प्लास्टिकचा पाइप असेल आणि आतला एल्बो (वळणाचा जोड) तडकला, तर टाइल फोडावी लागेल. मी फोडलीये. ३०० वाचवायला गेलो आणि गवंडी बोलवावा लागला. नळ हलतच नसेल तर सरळ प्लंबरला बोलवा.

मूळ धागाकर्ती
करंगळी फिरवून बघितली. खालच्या बाजूला नख अडकतंय, तांदळाच्या दाण्याएवढा खड्डा आहे. म्हणजे नळच बदलायचा. दुकानदार क्वार्टर टर्नचा, म्हणजे पाव वेढ्यात उघडणारा घ्या म्हणतोय, आत सिरॅमिकच्या चकत्या असतात, वॉशरची कटकट नाही. पण आमच्या टँकरच्या पाण्यात बारीक रेती येते, गाळणीत रोज दिसते. त्या चकत्यांवर ओरखडे पडले तर आतलं अख्खं कार्ट्रिजच बदलावं लागेल ना? बोअरच्या पाण्यावर कुणी वापरलाय का? रविवारी सकाळी काम काढणार आहे, त्याआधी सांगा.