मदत हवी: सायकलची बीबी निघतच नाहीये, रविवारच्या आत काढायची आहे

किनारपट्टी
तीन दिवस झाले, बीबी (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे पायडलचा एक्सल ज्या बेअरिंगवर फिरतो ते) जागची हलत नाही. क्रँक (पायडलचे दांडे) निघाले. टूल आहे. गंज सोडवायचा स्प्रे दोनदा मारून रात्रभर ठेवून पाहिला. रविवारी पहाटे रत्नागिरीहून आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्याला जायचं ठरलंय. नवी बीबी आणून ठेवली आहे, जुनी निघाली की झालं. कुणी काढली असेल तर लवकर सांगा.

घाटवाट
कुठली बाजू अडकलीये, चेनची की डावी? फ्रेम लोखंडी की अ‍ॅल्युमिनियम? कार्ट्रिज आहे (एक्सल आणि बेअरिंग एकाच बंद नळकांड्यात) की सुटे छर्रे आणि कप (फ्रेममध्ये आट्यांवर बसणाऱ्या कड्या)?

बावीस_इंची
रॉकेल ओता. वडिलांच्या सायकलचा कप मी असाच काढला होता. सीटची दांडी काढायची आणि वरून नळीत रॉकेल सोडायचं, ते थेट बीबीत उतरतं. दोन दिवस तसंच राहू द्यायचं. कॉटर पिन (क्रँक एक्सलला पक्का धरणारी खिळी) ठोकताना खाली लोखंडी पाइपचा तुकडा टेकू म्हणून लावा, नाहीतर पिन वाकते आणि मग ड्रिल करावी लागते.

किनारपट्टी
काका, माझ्या सायकलला कॉटर पिन नाहीत, चौकोनी एक्सल आहे. अ‍ॅल्युमिनियम फ्रेमची हायब्रिड, सहा वर्षं जुनी. कार्ट्रिज बीबी, टूल अडकायला आत 20 दात. दोन्ही बाजू अडकल्यात. चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात हे मला माहीत आहे, ते पुन्हा सांगू नका.

पायडल_मार
उलटेच असतील असं नाही. माझ्या जुन्या इटालियन फ्रेमला दोन्हीकडे सरळ आटे आहेत.

घाटवाट
इटालियन शेल (फ्रेमची आडवी नळी, जिच्यात बीबी बसते) 70 मिमी रुंद असतं. हायब्रिडला ते कुठून येणार? पट्टी लावून मोजा, 68 किंवा 73 भरलं तर विषय संपला.

किनारपट्टी
68 आहे.

पायडल_मार
मी फक्त मोजून घ्या म्हणत होतो. उलट्या दिशेने जोर लावून फ्रेमचे आटे गेलेले मी पाहिलेत.

सह्याद्री_ताई
बीबी बदलायचीच कशाला? आवाज येतोय का? माझ्या सायकलचा कटकट आवाज बीबीचा समजून मी सगळं खोललं, शेवटी सीटच्या दांडीत वाळू निघाली. आधी दांडी पुसून ग्रीस लावून बघा.

किनारपट्टी
आवाज नाही ताई, क्रँक धरून हलवला की एक्सल डुगडुगतो. बेअरिंग गेलंय.

लेथवाला
लोखंडी कप आणि अ‍ॅल्युमिनियमचं शेल, त्यात तुमची खारी हवा. दोन धातूंमध्ये ओल शिरली की अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते आणि ती आट्यात घट्ट बसते. शेल तापवा. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड सुटते. आमच्या वर्कशॉपात गॅसची बत्ती लावतो.

घाटवाट
बत्ती अजिबात लावू नका! रंग जळेल, आणि अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम कारखान्यात उष्णता देऊन कडक केलेली असते, जास्त तापली की नरम पडते. शेलवर फडकं गुंडाळून त्यावर उकळतं पाणी ओता, तेवढं पुरतं.

लेथवाला
तीस वर्षं हेच काम करतोय. पाण्याने काय होणार?

घाटवाट
दादा, तुमच्या हाताला अंदाज आहे. हे घरच्या ओट्याशेजारी बसून करतायत.

पावसाळी
विषय निघालाच आहे तर, पावसात चेनला कोणतं तेल टिकतं? माझी दर आठवड्याला लाल होते.

किनारपट्टी
एक सांगायचं राहिलं. डावीकडचा कप काळा, प्लास्टिकचा आहे. त्याचे दात कालच झिजले, टूल नुसतं फिरतंय. दुकानात विचारलं तर म्हणाले, आधी डावा काढल्याशिवाय उजवा निघत नाही.

घाटवाट
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! स्वस्त कार्ट्रिजला डावीकडे प्लास्टिकचा कप असतो. तो सोडून द्या आणि चेनच्या बाजूने सुरुवात करा. अख्खं कार्ट्रिज त्याच बाजूने बाहेर येतं, डावा कप फक्त टोकाला आधार देतो. कार्ट्रिज गेलं की कप आतून पोकळ. करवतीचं नुसतं पातं घेऊन त्याला दोन-तीन ठिकाणी आतून काप द्या. फ्रेमच्या आट्यांच्या जरा अलीकडे थांबा. मग पेचकसाने तुकडा आत ढकलला की कोसळतो. आणि आता उकळतं पाणीही उजवीकडेच ओता.

लेथवाला
हे बरोबर आहे. प्लास्टिक असेल तर माझी बत्ती रद्द.

पण टूल हाताने दाबून धरू नका, ते घसरतं म्हणूनच दात जातात. क्रँकचा बोल्ट मोठा वॉशर घालून एक्सलमध्ये कसा म्हणजे टूल कपावर दाबलेलं राहील. मग टूल व्हाइसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) पकडून अख्खी फ्रेम फिरवा. फ्रेमच लांब दांडा होते, पान्याला पाइप लावण्यापेक्षा कितीतरी जोर मिळतो. चाकं आधी काढा. कप थोडा सुटला की थांबून बोल्ट सैल करा, नाहीतर तोच अडवतो.

किनारपट्टी
फ्रेम कुठल्या दिशेने फिरवायची? उलटे आटे, त्यात फ्रेमही उलटी, डोकं चालेना.

पायडल_मार
घड्याळाच्या उलट.

लेथवाला
नाही. चेनची बाजू खाली व्हाइसमध्ये, तुम्ही वरून बघताय. फ्रेम घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. खडूने शेलवर बाण काढून घ्या.

पायडल_मार
बसून विचार केला, लेथवाले बरोबर आहेत. मी कप फिरवायचा धरून बोललो.

बावीस_इंची
रॉकेल वरून सोडलंत का?

किनारपट्टी
निघाली! शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्याचा व्हाइस मिळाला. दोन किटल्या उकळतं पाणी ओतलं, मग दोघांनी फ्रेम धरली. आधी काहीच नाही, मग ‘टक्’ असा आवाज झाला आणि सुटली. कार्ट्रिजभोवती पांढरी भुकटी होती आणि शेलमध्ये पाणी साचलेलं. काका, रॉकेल आट्यांतली घाण धुवायला वापरलं, छान निघाली. प्लास्टिकचा कप दोन काप देऊन पाडला. डाव्या आट्यावर पात्याचा एक ओरखडा आलाय, नवा कप हाताने चार फेरे आत जातो. चालेल ना? कार्ट्रिजवर 68-122.5 (शेलची रुंदी आणि एक्सलची लांबी, मिमीमध्ये) लिहिलंय, नवीही तीच आहे.

लेथवाला
हाताने चार फेरे जातोय म्हणजे आटे शाबूत आहेत. दोन्हीकडे भरपूर ग्रीस लावा. शेलच्या तळाला भोक आहे का बघा, बुजलं असेल तर तारेने मोकळं करा. पाणी तिथूनच जायला हवं.

किनारपट्टी
आहे, चिखलाने बंद होतं. करतो.

पावसाळी
चेनच्या तेलाचं कुणी सांगता का?