अनुभव धागा: पर्याय उलटा करून बघितला तेव्हा...

क्लॅट, एलसॅट (दोन्ही कायद्याच्या प्रवेशपरीक्षा), बँक, परीक्षा कुठलीही असो, ‘यात गृहीत काय धरलंय?’ हा प्रश्न आला की आपल्यापैकी बरेच जण अडतात. पर्यायाचा नकार करून युक्तिवाद कोसळतो का ते पाहायचं, ही रीत तुम्हाला कधी उमगली ते लिहा. सुरुवात माझ्यापासून.

मडगाव, क्लॅटची तयारी
क्लासमध्ये शिकवलं होतं, ‘कोणतीही’, ‘सर्व’ असे कडक शब्द दिसले की तो पर्याय खोडा. त्या नियमाने मी कितीतरी मॉक (सराव परीक्षा) घालवले. मग एका रविवारी घरच्या विषयावर स्वतःच प्रश्न रचला. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. पूर्वेकडची बंदी १४ जूनला संपते. म्हणून जुलैत आपल्या बाजारात येणारी सगळी मासळी पूर्वेकडची.

पर्याय पहिला: पूर्वेकडची मासळी स्वस्त असते. उलटा केला, स्वस्त नसते. निष्कर्षाला धक्काही नाही. दुसरा: कोणतीही मासळी मे महिन्यात इथेच पकडून बर्फात ठेवलेली नाही. उलटा केला, काही मासळी तशी ठेवलेली आहे. ‘सगळी’ तिथेच संपली! मी खोडणार होतो तो हाच पर्याय.

आईला वाचून दाखवलं. माशांची पिशवी रिकामी करता करता ती म्हणाली, “आणि मानशीवरची सुंगटं रे? ती कुठे धरलीस?” मानस म्हणजे खाजण शेतातल्या पाण्याचं दार, आणि तिथे होडीविना जाळ्यात मिळणारी कोळंबी म्हणजे सुंगटं. खरंच, ती येत नाहीत हेही एक गृहीतक. एका वाक्याखाली इतकी दडलेली असतात हे मला त्या दिवशी कळलं.

पेडणे, बँकेच्या परीक्षा
माझी चूक नकारातच होती. ‘सगळे पोदेर (पाव विकणारे) पहाटे येतात’ याचा नकार मी ‘एकही येत नाही’ असा करायचे. खरा नकार एवढाच, की निदान एक जण पहाटे येत नाही. तसंच ‘काही’चा नकार ‘एकही नाही’. महिनाभर वहीत रोज दहा वाक्यं उलटी केली, तेव्हा हात बसला.

फोंडा, एलसॅट
एक सावधगिरी. ही चाचणी फक्त आवश्यक गृहीतकाला लावा, म्हणजे ज्याच्याशिवाय युक्तिवाद उभाच राहत नाही त्याला. ‘कोणतं विधान धरलं तर निष्कर्ष सिद्ध होतो?’ असं विचारलं असेल तर लावू नका. तिथे बरोबर उत्तर गरजेपेक्षा मोठं असू शकतं. त्याचा नकार केला तरी युक्तिवाद तग धरतो आणि आपण ते उत्तर सोडून देतो. माझे असे बरेच गुण गेले. आता आधी प्रश्नाची ओळ दोनदा वाचते.

पणजी, क्लॅट दुसऱ्यांदा
१२० प्रश्न, १२० मिनिटं, चुकीला पाव गुण वजा. चारही पर्याय उलटे करत बसलो आणि शेवटचा उतारा राहिला. आता दोन पर्यायांत अडकलो तरच नकार करतो, तोही समासात लिहून. डोक्यातल्या डोक्यात केला की ‘नाही’ कुठे बसवायचं तेच चुकतं.