वजनावरून घरी काय ऐकलं? मुलगा म्हणून, मुलगी म्हणून (अनुभव लिहा)

सातारा-सांगलीकडच्या सगळ्यांनी लिहा. सुरुवात मी करते. आमच्यात दोन म्हशी, सकाळी दादाला तांब्याभर दूध आणि मला चहा, कारण आज्जी म्हणायची पोरीच्या जातीला दूध लगेच अंगाला लागतं. अकरावीत ग्राउंडवर चक्कर येऊन पडले, हिमोग्लोबिन 8.2 निघालं, मुलींना 12 तरी पाहिजे. आज्जीवर राग नाही माझा, तिनं स्वतः जन्मभर सगळ्यांची जेवणं झाल्यावर पातेल्यात उरलेलं खाल्लंय.

कराड: माझं उलटं. 54 किलो, गावात सगळे काडी म्हणायचे. पोलीस भरतीला छाती न फुगवता 79 आणि फुगवून 5 सेंमी वाढ लागते, त्यापायी जिममध्ये कोणीतरी दिलेली पावडर खाल्ली, डब्यावर नीट नावसुद्धा नव्हतं, तोंडभर फोड आले आणि मी घरी कुणाला सांगितलं नाही, पोरगा असून रडतो म्हणतील म्हणून. शेवटी वस्तादांनी समजावलं, अरे आपल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकी ऑलिम्पिकात कुस्तीचं पदक आणलं ते 57 किलोच्या गटात. त्या रात्री खूप दिवसांनी पोटभर भाकरी खाल्ली.

विश्रामबाग: पीसीओडी आहे (अंडाशयाचा त्रास, पाळी वेळेवर येत नाही), वजन 71. "स्थळं बघायचीत" म्हणून आईनं रात्रीचं जेवण बंद केलं. डॉक्टर म्हणाल्या उपाशी राहू नको, चाल, पाच टक्के वजन उतरलं तरी पाळीला फरक पडू शकतो. पण चालायचं कुठं? भाऊ पहाटे पाचला पळायला जातो, मी निघाले की अंधार आहे, लोक काय म्हणतील. सहा महिने गच्चीवर फेऱ्या मारल्या. आता शेजारच्या दोन काकू सोबत येतात, 67 वर आलेय.

मिरज: मी 96 किलोचा, पण मला कधीच कोणी टोकलं नाही, खात्यापित्या घरचा म्हणून कौतुकच. बाविसाव्या वर्षी शुगर निघाली. बहिणीला प्रत्येक चपातीला टोकायचे, माझ्याकडं कुणी बघितलंच नाही.

खटाव, शिक्षिका: 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत 15 ते 19 वयाच्या 59 टक्के मुली आणि 31 टक्के मुलगे रक्त कमी असलेले निघाले. लोहाची निळी गोळी शाळेत दोघांनाही असते, तरी मुली म्हणतात जाड होऊ, आणि पोरं म्हणतात ते पोरींचं औषध. मी आता डबा खाऊन झाल्यावर सगळ्यांना समोरच गिळायला लावते, रिकाम्या पोटी मळमळतं त्यांना.