मदत हवी आहे: स्पार्टाने अथेन्स बेचिराख का नाही केलं?

ग्रीक इतिहासवाल्या मंडळींनो, जरा हेल्प करा. अथेन्स आणि स्पार्टा या ग्रीक नगरराज्यांमधलं पेलोपोनेशियन युद्ध (इ.स.पू. 431 ते 404) वाचतेय आणि शेवटाशी गाडी अडलीये. अथेन्सने काही कमी माज केला नव्हता, पर्शियाविरुद्ध जमवलेला डेलियन लीगचा (अथेन्सच्या पुढारपणाखालच्या ग्रीक शहरांच्या संघाचा) खजिना 454 मध्ये डेलॉसवरून सरळ स्वतःकडे उचलून आणला, 416 मध्ये मेलॉस बेटाने मान तुकवली नाही तर तिथले पुरुष मारले आणि बायकामुलं गुलाम म्हणून विकली. मग 404 मध्ये अथेन्स उपाशी पडून शरण आल्यावर स्पार्टाचे साथीदार कॉरिंथ आणि थीब्ज म्हणाले की आता शहरच संपवा, तर स्पार्टा चक्क नाही म्हणाला! अथेन्सला बंदराशी जोडणाऱ्या लांब भिंती मात्र पाडल्या, त्याही बासऱ्या वाजवत. शहर न संपवण्याचं स्पार्टाने दिलेलं कारण काय, तर पूर्वी पर्शियन स्वारीच्या संकटात अथेन्सने ग्रीसची मोठी सेवा केली होती. मला हे काही पटत नाही, कारण जिंकायला आरमार उभं केलं ते स्पार्टाने पर्शियाच्याच पैशावर ना? मला वाटतं थीब्ज डोईजड होईल ही खरी भीती असणार, आणि 395 मध्ये थीब्ज, कॉरिंथ नि अथेन्स मिळून स्पार्टावरच उलटले की. तुमचं काय मत? मराठीत यावर काही चांगलं वाचायला असेल तर तेही सांगा प्लीज.