मदत हवी आहे: स्पॅम पाठवणाऱ्या आयपींच्या ब्लॅकलिस्टवरून मेलला थेट नकार द्यायचा की फक्त स्पॅमचे गुण?

डेबियनवर पोस्टफिक्स (मेल सर्व्हर), मागे आरस्पॅमडी (मेलला गुण देणारा स्पॅम फिल्टर). छोट्या कंपनीचा सर्व्हर, सशुल्क सेवा घेणं शक्य नाही. अडचण ही की शेअर्ड होस्टिंगवरून पाठवणाऱ्या लहान पुरवठादारांची खरी मेल पोस्टस्क्रीनवरच (मेल आत घेण्याआधी आयपी तपासणारा पोस्टफिक्सचा भाग) ५५० या नकार-कोडने परत जाते. एकाच आयपीवर शेकडो साइट्स, त्यातली एक हॅक झाली की सगळेच यादीत.

आधी केलेलं: सार्वजनिक डीएनएस रिझॉल्व्हर काढून स्वतःचा रिझॉल्व्हर, अनबाउंड, लावला, कारण त्यांच्यामार्फत विचारलं की स्पॅमहाउस (ब्लॅकलिस्ट चालवणारी संस्था) १२७.२५५.२५५.२५४ हे त्रुटीचं उत्तर देतं आणि कोड न तपासता ते ‘यादीत आहे’ असंच धरलं जातं. आता फक्त १२७.०.०.[२..११] ही ‘यादीत आहे’ची खरी उत्तरं मोजतो. यूसीईप्रोटेक्ट लेव्हल ३ ही यादी काढली. अख्ख्या एएसएनला (एका नेटवर्कचे सगळे आयपी) यादीत टाकणारी यादी नकारासाठी वापरूच नये. सॉर्ब्स ही यादी २०२४ मध्येच बंद झाली, तीही ओळ काढली. पोस्टस्क्रीनवर नकाराचा उंबरठा ३ गुण, झेनला (स्पॅमहाउसची एकत्रित यादी) ३, बाकी दोन याद्यांना प्रत्येकी २, डीएनएसडब्ल्यूएलला (विश्वासू सर्व्हरची यादी) उणे २. ५८७ वर (आपल्याच लोकांनी मेल पाठवण्याचा पोर्ट) यातलं काही तपासत नाही, नाहीतर पीबीएलमुळे (झेनमधली घरगुती इंटरनेटच्या आयपींची यादी) घरून काम करणारे अडकतात.

पोस्टस्क्रीनची अपवाद-यादी फक्त आयपीवर चालते आणि या पुरवठादारांचे आयपी बदलत राहतात, त्यामुळे तो उपाय टिकत नाही.

झेनमधल्या एक्सबीएल (हॅक झालेली यंत्रं, उत्तराचा शेवटचा आकडा ४) आणि पीबीएल (१०, ११) वर थेट नकार ठेवून सीएसएस (स्पॅम पाठवणारे संशयित आयपी, ३) आणि बाकी दोन याद्या फक्त आरस्पॅमडीच्या गुणांत घेतल्या, तर स्पॅम कितपत वाढतो? अशी मांडणी चालवणाऱ्यांनी सीएसएसला किती गुण दिले आहेत?