मुलीचे शिक्षण शुल्क माफ होणार, पण उरलेला खर्च कसा भागवावा? (मदत हवी आहे)

अंगणवाडीताई

नमस्कार. माझ्या मुलीला यंदा केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या दुसऱ्या फेरीत पुण्यातील एका खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक शाखेची जागा मिळाली आहे. आम्ही वाशिम जिल्ह्यातील, इतर मागास वर्गातील आहोत. घरी चार एकर कोरडवाहू जमीन आहे, त्यात सोयाबीन आणि तूर होते, आणि मला अंगणवाडी सेविकेचे मानधन मिळते. याखेरीज उत्पन्नाचे साधन नाही. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर (उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचे) प्रमाणपत्र आणि तहसीलदारांनी दिलेला उत्पन्नाचा दाखला आमच्याजवळ आहे, त्यामुळे कागदपत्रांची मोठी अडचण येईल असे वाटत नाही.

मुलींना उच्च शिक्षण मोफत झाले, असे आम्ही गेल्या वर्षापासून ऐकत होतो आणि त्या भरवशावरच पुण्यातील महाविद्यालयांचे पर्याय भरले होते. प्रत्यक्षात महाविद्यालयाने हाती दिलेल्या शुल्कपत्रकात शिक्षण शुल्क १,१८,००० रुपये, विकास शुल्क १४,००० रुपये आणि किरकोळ शुल्के वेगळी दाखवली आहेत. वसतिगृह आणि मेस मिळून वर्षाला १,०५,००० रुपये लागतील, असे सांगण्यात आले. त्यावर कार्यालयातील कर्मचाऱ्यांचे म्हणणे असे, की सध्या संपूर्ण रक्कम भरावी आणि शासनाकडून पैसे आले की शिक्षण शुल्क परत मिळेल. ते पैसे कधी येतील, याचे उत्तर कोणी दिले नाही. सोयाबीन विकल्याशिवाय एवढी रक्कम आमच्याकडे एकरकमी येणे शक्य नाही, आणि ते बाजारात जाईपर्यंत प्रवेश निश्चितीची मुदत संपलेली असेल.

माझ्या शंका तीन आहेत. शुल्कमाफीस पात्र असलेल्या मुलीकडून महाविद्यालय आधी पूर्ण शुल्क मागू शकते का? वसतिगृह आणि जेवणाच्या खर्चासाठी शासनाची वेगळी योजना आहे का, आणि ती शुल्कमाफीबरोबर घेता येते का? आणि तरीही कमी पडणाऱ्या रकमेसाठी शैक्षणिक कर्ज काढायचे झाल्यास जमीन गहाण ठेवावी लागेल का? मुलीच्या वडिलांचा कर्जाला विरोध नाही, सातबारा बँकेत ठेवण्याला मात्र आहे. आमच्या भाऊजींच्या मते नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र असल्यावर उत्पन्नाचा वेगळा दाखला लागतच नाही. तेही खरे आहे का, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्तलिपिक

ताई, माझी नोकरी एका महाविद्यालयाच्या विद्यार्थी विभागात गेली, म्हणून पहिल्या आणि शेवटच्या शंकेचे उत्तर देतो.

आपण ज्याबद्दल ऐकले तो शासन निर्णय ८ जुलै २०२४ चा असून तो २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून लागू आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाख रुपयांपर्यंत असलेल्या, आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत पूर्वी पन्नास टक्के मिळणारा लाभ त्यामुळे शंभर टक्के झाला. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा, व्यवस्थापन कोट्यातून नसावा, ही अट आपण पूर्ण करता. मात्र हा लाभ शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क यांपुरताच आहे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, अनामत यांपैकी काहीही त्यात येत नाही. ‘मोफत शिक्षण’ या दोन शब्दांनी पालकांची जी समजूत होते आणि शुल्कपत्रकावर जे छापलेले असते, त्यांत हे अंतर आहे, आणि ते प्रवेशाच्या दिवशी कळणे हे पालकांचे दुर्दैव.

पात्र मुलींकडून प्रवेशाच्या वेळी शिक्षण शुल्क घेऊ नये, अशा सूचना शासनाने महाविद्यालयांना दिलेल्या आहेत. तरीही अनेक ठिकाणी ते मागितले जाते, कारण प्रतिपूर्तीची रक्कम शासनाकडून उशिरा येते आणि तोवरचा भार संस्थेला पालकांवर टाकायचा असतो. तेव्हा कार्यालयात तोंडी वाद घालू नका. प्राचार्यांच्या नावे एक पानाचा अर्ज लिहा, त्यात शासन निर्णयाची तारीख, जागावाटप पत्राचा क्रमांक आणि उत्पन्नाच्या दाखल्याचा क्रमांक नमूद करा, विकास शुल्क व इतर शुल्क भरण्याची तयारी स्पष्ट लिहा, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्या. बहुतेक वेळा आवक क्रमांक पडल्यावर भाषा बदलते. न बदलल्यास तीच प्रत जोडून तंत्रशिक्षण विभागाच्या पुणे येथील विभागीय सहसंचालक कार्यालयाकडे तक्रार करता येते.

आपल्या भाऊजींचे म्हणणे चुकीचे आहे, आणि हा गैरसमज फार पसरलेला आहे. नॉन-क्रीमी लेयर ठरवताना पगाराचे आणि शेतीचे उत्पन्न मोजले जात नाही. शुल्कमाफीसाठी मात्र कुटुंबाचे सर्व मार्गांचे एकूण उत्पन्न पाहिले जाते. त्यामुळे नोकरदार आईवडिलांच्या मुलीकडे नॉन-क्रीमी लेयर असते, तिला राखीव जागाही मिळते, आणि शुल्कमाफी मात्र नाकारली जाते, असे होऊ शकते. आपल्याला दोन्ही दाखले लागतील.

आणखी एक सांगतो. राज्य शासनाच्या महाडीबीटी या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज करताना तंत्रशिक्षण विभागाखालील राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती समोर दिसते आणि अभियांत्रिकीच्या मुली तीच निवडतात. आपल्या मुलीने इतर मागास बहुजन कल्याण विभागाखालील शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची योजना निवडायची आहे. अर्ज भरला की काम संपले असेही नाही, कारण तो आधी महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये जातो, तेथून मंजूर झाल्यावरच जिल्ह्याच्या कार्यालयाकडे पुढे सरकतो, आणि मी पाहिलेले निम्मे अर्ज पहिल्याच टप्प्यावर, कोणी उघडलेच नाहीत म्हणून, पडून असत. दर आठवड्याला स्थिती पाहावी आणि त्रुटीसाठी परत आल्यास लगेच दुरुस्त करून पाठवावा. पुढील प्रत्येक वर्षी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो, तो आपोआप होत नाही.

विदर्भकन्या

काकू, मी पुण्यातच तिसऱ्या वर्षाला आहे आणि मीही इतर मागास वर्गातील आहे, म्हणून वसतिगृहाविषयी लिहिते.

इतर मागास बहुजन कल्याण विभागाने प्रत्येक जिल्ह्यात मुलांचे एक आणि मुलींचे एक, अशी राज्यात ७२ वसतिगृहे मंजूर केली आहेत. आधी पुण्यातील मुलींच्या वसतिगृहासाठी अर्ज करावा. तेथे शंभर जागा आणि इच्छुक कितीतरी जास्त, त्यामुळे प्रवेश न मिळाल्यास ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठीच ती आहे आणि त्यात पुण्यासारख्या शहरात शिकणाऱ्यांना भोजन भत्ता ३२,०००, निवास भत्ता २०,००० आणि निर्वाह भत्ता ८,००० असे वर्षाला ६०,००० रुपये थेट खात्यात मिळतात. हा राहण्या-जेवण्याचा भत्ता आहे. शुल्कमाफीचा अर्ज वेगळा आणि याचा वेगळा. मी दोन्ही घेते.

दोन गोष्टी मात्र आधीच सांगते. प्रत्येक जिल्ह्यातून ६०० विद्यार्थीच निवडले जातात आणि निवड गुणवत्तेवर होते, म्हणून हा भत्ता मिळेलच असे धरून चालू नये. दुसरे, पैसे हप्त्यांनी आणि उशिरा येतात. पहिल्या सत्रात मेसवाल्या मावशींना द्यायला माझ्याकडे यातील एक रुपयाही नव्हता. पहिल्या वर्षाचा खर्च या योजनेशिवाय उभा करावा, आणि ती रक्कम येईल तेव्हा कर्ज फेडण्यासाठी किंवा दुसऱ्या वर्षासाठी वापरावी, असे माझे मत आहे.

यासोबत अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मुलींसाठीची प्रगती शिष्यवृत्तीही पाहावी. ती वर्षाला ५०,००० रुपयांची असून पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुलींना तिच्यासाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती संकेतस्थळावर अर्ज करता येतो. कौटुंबिक उत्पन्नाची मर्यादा तेथेही आठ लाखच आहे. अर्जातील प्रतिज्ञापत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचूनच सही करावी, कारण इतर योजनांचा लाभ घेत असल्याची माहिती त्यात द्यावी लागते.

पासबुक

कर्जाच्या शंकेला उत्तर: चार लाख रुपयांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जासाठी बँकेने तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. पालक सहकर्जदार असतात, एवढेच. या रकमेपर्यंत स्वतःचा हिस्साही भरावा लागत नाही. शिक्षण शुल्क वगळता आपला खर्च वर्षाला सुमारे १,२०,००० रुपये दिसतो. त्यातील थोडा भार घरातून उचललात, तर चार वर्षांचे कर्ज चार लाखांच्या आत बसते. तेव्हा सातबारा घरातच राहू द्या आणि शाखेत कोणी तो मागून त्याशिवाय कर्ज नाकारलेच, तर नकाराचे कारण लेखी मागा.

मंजुरी एकदाच होते, पण उचल वर्षावर्षाने होते, आणि व्याज उचललेल्या रकमेवरच लागते. शिक्षण चालू असताना आणि त्यानंतर एक वर्षापर्यंत हप्ता नसतो, मात्र सरळव्याज चढत राहते. पहिल्या वर्षी एक लाख उचलले आणि दर दहा टक्के धरला, तर वर्षाचे व्याज दहा हजार होते. हे व्याज शिक्षण चालू असतानाच भरत गेल्यास नंतरचा हप्ता बराच हलका होतो, शिवाय काही बँका त्याबद्दल दरात सवलत देतात. मुलींसाठीही अर्ध्या टक्क्याची सवलत अनेक सरकारी बँकांत आहे. ती विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही.

पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेचे नाव कानावर येईल. केंद्रीय मंत्रिमंडळाने ती ६ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजूर केली. ती राष्ट्रीय क्रमवारीच्या आधारे निवडलेल्या शिक्षणसंस्थांपुरती (मंजुरीच्या वेळी सुमारे ८६०) आहे, आणि दहा लाखांपर्यंतच्या कर्जावरील तिची तीन टक्के व्याज सवलत, जे दुसऱ्या शासकीय शिष्यवृत्तीस पात्र आहेत त्यांच्यासाठी नाही. शुल्कमाफी घेणाऱ्या मुलीने या सवलतीवर हिशेब बांधू नये.

अंगणवाडीताई

आपणा सर्वांचे मनापासून आभार. प्राचार्यांच्या नावे अर्ज लिहून ठेवला आहे, उद्या मुलीचे काका पुण्याला जाऊन आवक क्रमांक घेतील. दोन अडचणी उरल्या. मुलीच्या वडिलांचे पीक कर्ज गेल्या वर्षी थकले होते, त्यामुळे त्यांचे सहकर्जदार होणे बँकेला चालेल का? आणि मुलीचे आधार शाळेत असताना उघडलेल्या एका जुन्या खात्याला जोडलेले आहे, ते खाते आता व्यवहारात नाही.

पासबुक

सहकर्जदार आपण स्वतः व्हा. वडीलच हवेत असा नियम नाही, आईही चालते. आपले मानधन खात्यात जमा होते, त्याचा वर्षभराचा उतारा जोडा.

खात्याचे काम मात्र सर्वांत आधी करा. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधार दिलेले असणे वेगळे आणि थेट लाभासाठी आधार खात्याशी संलग्न असणे वेगळे. शासनाचे पैसे ज्या खात्याशी आधार शेवटचे संलग्न झाले त्याच खात्यात जातात, अर्जात कोणताही खाते क्रमांक लिहिला तरी. आधारच्या संकेतस्थळावर मुलीच्या नावे लॉगिन करून कोणती बँक दिसते ते पाहा. जुनी दिसत असल्यास, ज्या बँकेत कर्जाचा अर्ज कराल तेथेच मुलीचे बचत खाते उघडून थेट लाभासाठी आधार संलग्न करण्याचा स्वतंत्र फॉर्म भरा, आणि नवी बँक दिसू लागल्यानंतरच महाडीबीटीवरचा अर्ज सादर करा. दहावीच्या गुणपत्रिकेवरील आणि आधारवरील नावात एका अक्षराचाही फरक असेल, तर तो याच आठवड्यात आधार केंद्रात दुरुस्त करून घ्या.